टेली मानस १४४१६ : सोलापूरच्या उन्हाळ्यात मिळालेला आधार

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच राहतात. अशा दिवसांत आईची झोप उडाली, जेवण तुटले आणि ताटातली कडक भाकरी ती नुसती मोडत बसू लागली. आम्ही सारा दोष उन्हाला दिला, हे चुकलेच. अखेर २०२२ साली सुरू झालेल्या, चोवीस तास चालणाऱ्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत सरकारी दूरध्वनी सेवेला फोन लावला. समुपदेशक ताईंनी मराठीतून, अजिबात घाई न करता, सगळे ऐकून घेतले. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्यापैकी हिवाळी नैराश्यात झोप व भूक बहुधा वाढते, उन्हाळी नैराश्यात दोन्ही घटतात, हा फरक त्यांनी समजावला आणि मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटण्यास सुचवले. आता आई पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला जाते.