ब्रिटिश नागरिकत्व की हाँगकाँगचा पासपोर्ट?

हाँगकाँगमध्ये जन्मलेली, भारतीय वंशाची माझी एक मैत्रीण या पेचात आहे. आईनं पत्र्याच्या डब्यात जपलेला बीएनओ, म्हणजे ‘ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)’ पासपोर्ट तिनं मला दाखवला: नावाला ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही. १९९७ ला ब्रिटननं हाँगकाँग चीनला परत दिलं, तेव्हा चिनी वंशाचे रहिवासी चीनचे नागरिक ठरले, तिच्यासारखे भारतीय वंशाचे लोक मधेच लोंबकळले. हा अन्यायच होता.

खटपट: ४ फेब्रुवारी १९९७ पूर्वी हाँगकाँगमध्ये वास्तव्य आणि दुसरं नागरिकत्व नाही, अशांना कायद्यानं ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क आहे. हाँगकाँगच्या पासपोर्टसाठी लागणारं चिनी नागरिकत्व मात्र अधिकाऱ्यांच्या मर्जीवर, आणि परकीय नागरिकत्व सोडावं लागतं.

राहणं: ब्रिटिश झालात तरी हाँगकाँगचा कायम रहिवास टिकतो, पण सलग ३६ महिने बाहेर राहिलात तर तो हक्क कमी होतो. चिनी नागरिकाला ही भीती नाही. तिथल्या विधान परिषदेच्या, म्हणजे कायदेमंडळाच्या, बहुतेक जागाही त्यालाच लढवता येतात.

मुलांना परदेशी पाठवायचं असेल, तर ब्रिटिश. हाँगकाँगमध्येच म्हातारपण काढायचं, तिथल्या कारभारात बोलायचं असेल, तर चिनी.