कीनाय फ्योर्ड्स: अर्ध्या दिवसाची बोट घेऊन पैसे घालवू नका

अलास्कातल्या या राष्ट्रीय उद्यानाला प्रवेश शुल्क नाही. खर्च होतो तो बोटीवर, आणि चूकही तिथेच होते. सुअर्ड बंदरातून निघणारी तीन-चार तासांची फेरी स्वस्त पडते, पण ती रेझरेक्शन बे या उपसागरातच फिरते आणि समुद्रात कोसळणाऱ्या हिमनदीपर्यंत पोचत नाही. नाशिकहून एवढ्या लांब जायचं तर किमान सहा तासांची फेरी घ्यावी. ती आयॅलिक बेमध्ये जाऊन आयॅलिक किंवा होलगेट हिमनदीसमोर थांबते. नॉर्थवेस्टर्न फ्योर्डची (फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली समुद्राची अरुंद, खोल खाडी) साडेआठ तासांची फेरी सगळ्यात उत्तम, पण पोटात ढवळणाऱ्यांनी आधी विचार करावा.

कारण उपसागराबाहेर पडलं की अलास्काच्या आखाताचा उघडा समुद्र लागतो आणि बोट हेलकावे खाते. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्याआधी तासभर घ्यायची. झोप आणणारी नको असेल तर इथूनच डॉक्टरांना विचारून न्या. बसायला खालचा मजला, मधली किंवा मागची बाजू. पुढच्या टोकाला दृश्य छान, पण उसळी सगळ्यात जास्त तिथेच. हवा बिघडली तर कप्तान मार्ग बदलतो किंवा फेरी रद्द होते, म्हणून सुअर्डला एक दिवस हाताशी ठेवा आणि परताव्याच्या अटी बुकिंगआधी वाचा. अँकरेजहून सकाळची ट्रेन सुंदर आहे, पण ती पोचते अकराच्या सुमारास. साडेआठ तासांची फेरी तोवर सुटलेली असते. आदल्या रात्रीचा मुक्काम सुअर्डलाच हवा.

हिमनदीसमोर इंजिन मंद करतात. बर्फ आधी पडताना दिसतो, आवाज मागाहून येतो. आवाज ऐकून कॅमेरा उचलणाऱ्याला फक्त लाट मिळते. तरंगत्या बर्फावर सील आणि चिझवेल बेटांवर स्टेलर सी लायन असतात (वास आधी येतो!). पफिन हे समुद्रपक्षी मे ते ऑगस्ट. ग्रे व्हेल हवे असतील तर एप्रिल, हंपबॅक व्हेलसाठी उन्हाळा. नांदूरमध्यमेश्वरला नेता ती ८×४२ दुर्बीण पुरे. जास्त पटीची हलत्या बोटीवर स्थिर राहत नाही.

रस्त्याने जाता येतं ते फक्त एक्झिट ग्लेशियरला. वाटेवर सालांच्या पाट्या आहेत: त्या त्या वर्षी बर्फाची कड कुठे होती ते दिसतं. १८१५ ची पाटी आणि आजची कड यांतलं अंतर चालून पाहावं. तिथूनच वर जाणारी हार्डिंग आइसफील्डची (विस्तीर्ण हिमक्षेत्राची) पायवाट जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर, चढ हजार मीटरच्या वर. म्हणजे बारीतून कळसूबाई करणाऱ्याला झेपेल, पण वरच्या टप्प्यात जुलैच्या सुरुवातीपर्यंत बर्फ असतो. अस्वलासाठीचा स्प्रे विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या.

कपडे: जूनमध्येही वॉटरप्रूफ जाकीट, कानटोपी, हातमोजे. जीन्स भिजली की वाळत नाही. शाकाहारींनी बोटीवरच्या जेवणाची चौकशी बुकिंग करतानाच करावी. पाकीटबंद चिवडा सोबत असू द्या, मात्र अमेरिकेच्या कस्टम्सला तो जाहीर करा. द्राक्षं घरीच ठेवा.