ऐंशी टक्क्यांची मर्यादा, सर्व्हिस सेंटरचे निदान आणि एक न बदललेली बॅटरी

या लॅपटॉपच्या वेगाविषयी आणि पडद्याविषयी इतरांनी पुरेसे लिहिले आहे, त्यामुळे त्यावर मी फार शब्द खर्च करत नाही. कळफलक उत्तम आहे, पडदा उजेडात फिका पडतो आणि कॅमेरा असून नसल्यासारखा आहे. मला लिहायचे आहे ते बॅटरीविषयी, कारण सुस्थितीतील बॅटरी बदलण्याचा सल्ला मला अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ठामपणे देण्यात आला.

माझे काम टेबलावरचे असल्याने चार्जर जवळपास सदैव जोडलेला असतो. अशा वापरासाठी कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे आणि ती मी सुरुवातीपासूनच चालू ठेवली होती. सर्वसाधारण लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर त्याचा विद्युतदाब सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचतो. या दाबावर, विशेषतः यंत्र तापलेले असताना, सेल दीर्घकाळ राहिला तर त्याची धारणक्षमता लवकर घटते. म्हणजे बॅटरीचे आयुष्य केवळ वापराने नव्हे, तर नुसते भरून ठेवल्यानेही कमी होते. हे ध्यानात घेता, बाहेर जाताना २० टक्के कमी चार्ज मिळणे हा मला अत्यंत स्वस्त सौदा वाटत होता.

काही महिन्यांनी मात्र चार्जर काढताच टक्केवारी भराभर उतरू लागली. सर्व्हिस सेंटरमधील तंत्रज्ञाने निदानाचे सॉफ्टवेअर चालवून बॅटरीची क्षमता मूळच्या ६८ टक्के उरल्याचे दाखवले, चार्जर सतत जोडून ठेवल्याचे हे फळ असल्याचे सांगितले आणि नव्या बॅटरीचे अंदाजपत्रक पुढे केले. मर्यादेच्या सेटिंगकडे लक्ष वेधल्यावर ‘ते नावापुरतेच असते’ असे उत्तर मिळाले. बॅटरी हा झिजणारा भाग असल्याने तिची वॉरंटी वेगळी आणि लॅपटॉपपेक्षा कमी मुदतीची होती, आणि ती मुदत संपली होती. पैसे देण्यास माझी हरकत नव्हती असे लिहिले तर ते खोटे ठरेल. माझी हरकत होतीच, आणि एका आकड्याच्या भरवशावर देण्यास तर फारच होती.

घरी येऊन मी विंडोजचा स्वतःचा अहवाल काढला. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजला आज्ञा टंकून देण्याची खिडकी) उघडून पॉवरसीएफजी हा शब्द, त्यापुढे मोकळी जागा, तिरपी रेघ (/) आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असे इंग्रजी अक्षरांत टंकले की अहवालाची फाइल तयार होते, ती कोठे साठवली गेली हे तिथेच दिसते आणि ती ब्राउझरमध्ये उघडते. बहुतेक जण त्यातील मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता हे दोन आकडे पाहून फाइल बंद करतात. खरा उपयोग खाली असलेल्या क्षमतेच्या इतिहासाचा आहे. माझ्या अहवालात कित्येक ओळी क्षमता अगदी हळू घटत होती आणि मग लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये ती जवळपास चतुर्थांशाने कोसळली होती. नेहमीची रासायनिक झीज अशी एका उडीत होत नाही. शिवाय टक्केवारी सातपर्यंत झपाट्याने उतरली, तरी तिथे पोहोचल्यावर लॅपटॉप बराच वेळ निर्धास्त चालत असे. याचा अर्थ ऊर्जा शिल्लक होती आणि फक्त तिचा हिशेब चुकत होता.

हा हिशेब बॅटरीच्या आतील एक चिप ठेवते. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह मोजून ती अंदाज बांधते, त्यात बारीक चुका साठत जातात, आणि बॅटरी पूर्ण भरण्याच्या किंवा रिकामी होण्याच्या टोकाजवळ गेली की त्या दुरुस्त होतात. मर्यादा ८० टक्क्यांवर आणि चार्जर कायम जोडलेला, अशा वापरात चिपला यांपैकी एकही टोक दिसत नाही. एकदा लावून विसरून जावे असे जे सेटिंग मी मानत होतो, त्याविषयीचे माझे मत येथे बदलले: ते चालू ठेवावेच, पण अधूनमधून त्याला सुट्टी द्यावी.

मी मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरली, तशीच दोन तास जोडून ठेवली, मग चार्जर काढून लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत साधे काम केले आणि पुन्हा न थांबता पूर्ण भरली. नव्या अहवालात क्षमता मूळच्या ९१ टक्के दिसली. हा उपाय दर आठवड्याला करण्याचा नाही. बॅटरी नेहमी पूर्ण रिकामी करण्याचा जुना सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियम-आयनला वारंवार तळ गाठणे मानवत नाही. आकडे आणि प्रत्यक्ष वापर यांत तफावत दिसली तरच तो करावा.

आता या लॅपटॉपचा मला अक्षम्य वाटणारा दोष. बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केले की चार्जिंगची मर्यादा गुपचूप १०० वर जाते. सूचना नाही, विचारणा नाही, आणि ॲपच्या पहिल्या पानावर त्याचा मागमूसही नाही. बॅटरी वाचवण्याची सोय जाहिरातीत मिरवणाऱ्या कंपनीने वापरकर्त्याची निवड अशी पुसून टाकावी, याचा मला कळफलकाच्या सुखापेक्षा कितीतरी अधिक त्रास होतो, आणि माझ्या लेखी एक पूर्ण तारा येथेच कापला जातो. बायॉसच्या प्रत्येक अद्ययावतीनंतर ते सेटिंग तपासावे. आणि डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या सांकेतिक कुलपाने) कुलूपबंद असेल तर अद्ययावतीपूर्वीच तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक क्रमांक, लॅपटॉपबाहेर नोंदवून ठेवावी, कारण नंतर ती मागितली जाऊ शकते.

उष्णतेच्या बाबतीत तक्रार नाही. खालच्या जाळ्या गादीवर किंवा उशीवर झाकल्या जाऊ नयेत एवढी काळजी पुरते.

टचपॅड वर उचलला गेला, त्याचे बटण दाबले जाईना किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर मात्र बॅटरी फुगल्याची शक्यता असते. तेव्हा कोणताही अहवाल काढत बसू नये आणि वरची पद्धत तर मुळीच करू नये. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि ती बदलून घ्यावी. माझ्या लॅपटॉपमध्ये असे काहीही नव्हते, आणि अंदाजपत्रक देण्यापूर्वी तेवढे तपासण्यासाठी खालचे झाकण उघडण्याचे कष्टही सर्व्हिस सेंटरने घेतले नव्हते. पाचपैकी साडेतीन तारे, सेवेला शून्य.