पीएचक्यू-९ फॉर्म: कागद चोख, पण पुरुष निसटतात

नैराश्य चाचपायचा हा नऊ प्रश्नांचा फॉर्म २००१ पासून वापरात आहे. फुकट मिळतो, पाच मिनिटांत उरकतो. उदास वाटणं, झोप न लागणं असे त्रास गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झाले, एवढंच विचारायचं. दर उत्तराला ० ते ३ गुण, बेरीज १० किंवा जास्त आली की डॉक्टरकडे पाठवायचं. आशाताई तिशीपुढच्यांचा सीबॅक (बीपी, साखर अशा आजारांच्या चाचपणीचा सरकारी फॉर्म) भरतात, त्यात यातलेच पहिले दोन प्रश्न आहेत.

खान्देशात पहिली अडचण येते झोप आणि थकव्याच्या प्रश्नांना. कापूस वेचणीत बाई पहाटेपासून राबते. मोटारीला रात्रीची लाईट असली की गडी रात्रभर पाणी भरतो. आजार नसताना दोघांचे चार-पाच गुण इथेच होतात. म्हणून झोपायला मिळालं नाही, की मिळूनही लागली नाही, हे फोड करून विचारा.

सासू ओट्यावर बसलेली असेल तर सुनेची सगळी उत्तरं शून्य येणार, फॉर्म भरूच नका. बीपी तपासायच्या निमित्ताने उपकेंद्रात एकटीला बोलवा. ती मनाचं बोलत नाही; ‘डोकं दुखस, जीव घाबरस’ म्हणते. अंगदुखीचा रकाना फॉर्ममध्ये नाही, मग वर्षानुवर्षं गोळ्या आणि सलाईनच चालू राहतं.

पुरुषांच्या बाबतीत फॉर्म सरळ कमी पडतो. राग, दारू, बेफाम गाडी, काहीच विचारत नाही. गडी ‘टेन्शन आहे, बाकी काही नाही’ म्हणतो आणि बेरीज सहावर थांबते. नैराश्याचं प्रमाण बायकांत जवळपास दुप्पट सापडतं, पण एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या आकड्यांत आत्महत्या करणाऱ्या दर दहांत सात पुरुष आहेत. त्यामुळे त्याला आधी उदास वाटतं का म्हणून विचारू नका. झोप, मग चिडचिड, दारू कधीपासून वाढली, पारावर बसणं का सुटलं, या क्रमाने जा आणि मग फॉर्म काढा.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. लाजेखातर तो गाळतात. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. इथे १ गुण आला तरी बेरीज बघत बसू नका. माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनवर, १४४१६ वर, चोवीस तास फुकट, मराठीत बोलता येतं. फवारणीची औषधं घराबाहेर कुलुपात, किल्ली दुसऱ्याकडे.

उपचार सुरू झाल्यावर महिन्याने हाच फॉर्म परत भरा. पाच गुण उतरले तर औषध लागू पडतंय. ते लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर गोळ्या आठवडाभरात बंद होतात.