शंभर खुर्च्या, तीन पार दिवे: लेखक-निर्मात्यासाठी छोटा हॉल

केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ रोजी आग लागली आणि कोल्हापुरात स्वतःच्या पैशानं नाटक करणाऱ्या लेखकाला शंभरेक खुर्च्यांचे छोटे हॉल नव्यानं तपासावे लागले. त्यातलाच हा एक हॉल संवादप्रधान, तीन-चार पात्रांच्या नाटकाला उत्तम. पहिल्या रांगेपासून रंगमंच इतका जवळ, की कुजबुजही पोचते. मात्र खोटा अभिनयही लगेच उघडा पडतो!

खरी अडचण विजेची. रंगमंचाजवळ १६ अँपिअरचा एकच सॉकेट आहे. २३० व्होल्टला हिशेब ३६८० वॅटचा, म्हणजे हजार वॅटचे तीनच पार (रंगमंचावर झोत टाकणारे दिवे). चौथा लावला की भार मर्यादेबाहेर जातो आणि एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडू शकते, तीही ऐन प्रवेशात. त्यामुळे एलईडी पार भाड्यानं आणा. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि साऊंड मिक्सर एकाच लाइनवर ठेवलेत तर स्पीकरमधून गुणगुण येते. साऊंडला वेगळी लाइन घ्या, ऑडिओच्या वायरी डिमरच्या वायरींपासून लांब ओढा.

वर पत्रा आहे. जुलैतला कोल्हापुरी पाऊस सुरू झाला की संवाद गेलेच म्हणायचे. पंखेही आवाज करतात.

काळे पडदे हॉलचे आहेत, पण विंगा अरुंद. सोफा आत शिरत नाही. नेपथ्य घडीचं ठेवा. प्रयोगाआधी किमान चार तास ताबा मागा आणि तो पावतीवर लिहून घ्या. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मात्र तारीख ठरवण्याआधीच हातात हवं.

भाडं वाजवी. चहा बेताचा.