क्रिस्टलडिस्कइन्फो की स्मार्टसीटीएल? अडखळणाऱ्या एक्स्टर्नल डिस्कसाठी

एक्स्टर्नल डिस्क कुरकुर करायला लागली की विंडोजवाले बहुतेक क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडतात. मीही तेच केलं. रंग बघायचा: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे आटोपलं. घाईत याहून सोपं काही नाही. फक्त त्यातल्या रॉ व्हॅल्यू (डिस्कने मोजलेले कच्चे आकडे) मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत असतात. तिथला 10 म्हणजे आपला 16. मी कितीतरी दिवस चुकीचंच वाचत होतो. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्या.

स्मार्टसीटीएल म्हणजे हेच काम करणारी, पण काळ्या खिडकीत टाइप करायची कमांड. यूएसबीच्या केसमधली (बाहेरच्या डबीतली) डिस्क तिला कधी कधी ओळखता येत नाही, मग ‘-डी सॅट’ (-d sat) जोडावं लागतं. पहिल्या दिवशी वैताग येतो, खोटं कशाला बोलू.

माझं मत फिरलं ते त्या निळ्या रंगामुळे. एक फोल्डर उघडायला गेलं की डिस्क अर्धा मिनिट गोठायची, मग रडतखडत उघडायची, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो आपलं ‘ठीक’च म्हणत बसायचं. त्याचा तरी काय दोष? डिस्कने स्वतः नोंदवलेलंच ते दाखवतं, आणि जो सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) कुणी वाचलाच नाही त्याची नोंद कुठून येणार? डिस्कला सगळा पृष्ठभाग वाचायला लावणारी लाँग टेस्ट त्यात सुरूच करता येत नाही. स्मार्टसीटीएलमधून येते. डेटा आधी दुसरीकडे हलवला (हे आधीच करा, लाँग टेस्ट तासन्‌तास चालते आणि मरणाऱ्या डिस्कला दमवते) आणि लावली. 90 टक्के बाकी असतानाच ‘रीड फेल्युअर’, सोबत नेमक्या सेक्टरचा क्रमांक. 197 क्रमांकाचा पेंडिंग (वाचता न आलेल्या) सेक्टरचा आकडा वाढला आणि तेव्हा कुठे क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं झालं.

केस मधेच झोपी गेली तर टेस्ट तुटते. मी दर मिनिटाला कमांड देऊन तिला जागं ठेवलं. तुमच्या केसला ते मानवेलच असं नाही. काही स्वस्त केस तर स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या या नोंदींची, माहिती कुठल्याच प्रोग्रामला देत नाहीत. डिस्क नुसतीच सारखी डिस्कनेक्ट होत असेल तर मात्र आधी यूएसबी केबल बदलून बघा, तो दोष या आकड्यांत बहुधा दिसत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो मी काढून टाकलेलं नाही. तापमान बघायला बरं पडतं.