घेताना ‘मोड’, विकताना ‘एमएस 62’

जुन्या सोन्याच्या नाण्यांची किंमत करून देणारा माणूस तीच नाणी स्वतः विकतही घेत असेल, तर त्याने सांगितलेला ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा दर्जा, ही घासाघिशीतली पहिली बोली समजायची. आमच्या आत्याला हे फार महागात पडलं. तिला विचारूनच लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही.

आत्याकडे चार गिन्या (ब्रिटिश सॉव्हरिन नाण्याला आपल्याकडे गिनी म्हणतात) आणि 1862 सालची व्हिक्टोरिया राणीची एक मोहोर होती. तीन गिन्या आजीच्या गळ्यातल्या, कडी लावलेल्या. मोहोर मात्र कधी दागिन्यात गेली नाही. देव्हाऱ्यातल्या डबीत असायची आणि लक्ष्मीपूजनाला तेवढी चौरंगावर यायची. आतोबा गेल्यावर बँकेतला लॉकर बंद करायचा ठरला, तेव्हा तिने हे सगळं विकायला काढलं.

दुकानदाराने ‘मूल्यांकन फी’ म्हणून पाचशे रुपये रोख घेतले. भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, “काकू, गिन्यांना टाके आहेत, मोहोर घासलेली आहे. ग्रेडच बसत नाही. कलेक्टर याला हात लावणार नाही. सोन्याचा भाव मिळतोय तो घ्या.”

यातलं अर्धं खरं होतं, म्हणून तर ते पटलं. कडी लावलेल्या नाण्याच्या काठावर टाक्याचा, म्हणजे कडी जोडताना वितळवलेल्या धातूचा, डाग राहतो. अशा नाण्याला पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या आकडा देत नाहीत, नुसता दोष लिहून देतात. त्या तीन गिन्यांना सोन्याच्या भावापेक्षा फार जास्त मिळालं नसतं, हे मान्य.

पण चौथी ‘गिनी’ गिनी नव्हतीच. तिच्यावर ‘पंधरा रुपये, 1918’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं हे नाणं. वजन आणि कस अगदी गिनीचा, 7.988 ग्रॅम, 22 कॅरेट, आणि पाडलं गेलं ते याच एका साली. तिला कडी नव्हती, टाका नव्हता. भिंगातून टाका दिसतो आणि समोर लिहिलेलं ‘पंधरा रुपये’ दिसत नाही, अशी नजर मी तरी पाहिली नाही.

मोहोरेचं तर याहून वाईट. ग्रेडची पट्टी 70 पर्यंत असते. 60 पासून पुढे ‘एमएस’, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं. 50 ते 58 मध्ये उंच भागांवर, म्हणजे राणीचा गाल, केस, मुकुट इथे, किंचित झीज आलेली असते. घासलेलं नाणं ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवायचं. टांकसाळीची मूळ झळाळी असेल तर प्रकाशाचे पट्टे नाण्याबरोबर गोल फिरतात. घासलेलं असेल तर सगळीकडे सारखीच चकाकी दिसते आणि भिंगाखाली एका दिशेने गेलेले केसाएवढे ओरखडे दिसतात. आत्याच्या मोहोरेवर ‘मोहर’ या इंग्रजी शब्दातल्या ‘ओ’च्या पोटात कुंकू साचलेलं होतं. पितांबरीने किंवा ब्रशने कोणी ती घासली असती तर तिथलं कुंकू आधी गेलं असतं. 1862 च्या मोहोरा काही दुर्मीळ नाहीत, पण चांगल्या अवस्थेतल्या मोहोरेला संग्राहक सोन्याच्या वर बरंच काही देतात.

आत्या जरा घुटमळली तेव्हा त्याने कायदा काढला. “शंभर वर्षांपूर्वीची नाणी पुरावस्तू असतात, काकू. घरात सापडली तर सरकार नेईल.” 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे, आणि शंभर वर्षांवरची नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हे खरं. पण आजीकडून आलेली मोहोर देव्हाऱ्यात ठेवणं हा गुन्हा नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर ते कळवावं लागतं, तो कायदा वेगळा आणि 1878 सालचा. एकट्या बाईला हे दोन्ही एकत्र कालवून सांगितलं की काम होतं.

मग वजन. मोहोर 11.66 ग्रॅम भरली. त्यातून आठ टक्के ‘खोट’, म्हणजे सोन्यात मिसळलेला दुसरा धातू, वजा केली आणि उरलेल्या 10.73 ग्रॅमला 22 कॅरेटचा भाव लावला. 22 कॅरेटच्या भावात ती खोट आधीच धरलेली असते! म्हणजे एकच वजावट दोनदा. एका मोहोरेत जवळजवळ एक ग्रॅम गेलं, प्रत्येक गिनीत सहाशे मिलिग्रॅमच्या वर गेलं. हे मात्र शाळेच्या गणिताचं काम होतं, पण काउंटरवर कॅल्क्युलेटर त्याच्या हातात होता.

पुढे संग्राहकांमध्ये त्याच्याच विक्रीची यादी फिरत माझ्याकडे आली. 1862 ची मोहोर, ‘एमएस 62, मूळ झळाळी’, किंमत आत्याला दिलेल्या पैशांच्या दुपटीहून जास्त. लॉकरच्या यादीसाठी आतेबहिणीने काढलेला मोबाइलचा फोटो शेजारी ठेवून पाहिला. राणीच्या हनुवटीखालचा तिरका ओरखडा तोच, सालाजवळ काठाला बसलेला ठोका तोच, आणि ‘ओ’तलं कुंकूसुद्धा तसंच. ग्रेडिंग कंपन्या देतात तशा प्लॅस्टिकच्या बंद डबीत नाणं होतं आणि लेबलवर छाप त्याच्याच दुकानाचा. अशा डबीला बाजारात काही अर्थ नाही, हे विकत घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. मोठ्या कंपनीचं लेबल असलं तरी त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवावा. खरा क्रमांक छापलेल्या नकली डब्याही निघतात.

आम्ही दुकानात गेलो तर त्याने पावती पुढे केली. तिच्यावर आत्याची सही आणि ‘जुने सोने मोड, 22 कॅरेट’, म्हणजे वितळवायचं सोनं, एवढंच. ना साल, ना राणी, ना पंधरा रुपये. एकूण वजन तेवढं, तेही खोट काढून. पोलिसांत अर्ज दिलाय. वकील म्हणतात, ग्राहक आयोगात माल विकणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, पण फी घेऊन मूल्यांकन केलं असेल तर ती सेवा होते, तिथून काही वाट निघू शकते. त्या पाचशे रुपयांची पावती मात्र त्याने दिलेली नाही.